इटालियन ओपनिंगमधला एक बरोबरीचा डाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या दिवसांत इंदूरच्या रामबाग भागातल्या एका मंडळात बुद्धिबळाची छोटी स्पर्धा होते. यंदा शेवटच्या फेरीत पहिल्या पटावरचा डाव बरोबरीत सुटला. आरतीची वेळ झाली तरी लोक पटाभोवतून हलेनात. पंच मी होतो, त्यामुळे सगळे प्रश्न माझ्याकडे आले. काही तिथेच विचारले गेले, काही दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या दुकानापुढे. तेच ते प्रश्न पुन्हा येत राहिले म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत.

खेळणारे कोण होते?

दोघंही हौशी. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले आहेत, मंडळात त्यांना सगळे काकाच म्हणतात. काळ्या मोहऱ्यांनी नववीतली एक मुलगी खेळत होती. काका वडिलांकडून शिकले, तेही देशी नियमांनी. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) नसतं, आणि राजाला तोवर शह बसला नसेल तर एकदा घोड्यासारखी उडी घेता येते. आंतरराष्ट्रीय नियम त्यांनी नोकरी लागल्यावर उचलले. मुलगी मोबाइलवर शिकली. आमच्याकडचा हा नेहमीचाच सामना आहे. एका बाजूला दिवाणखान्यातलं बुद्धिबळ, दुसऱ्या बाजूला अ‍ॅपवरचं.

चाली वाचायच्या कशा?

उभ्या स्तंभांना ए ते एच, आडव्या रांगांना १ ते ८. पहिली रांग पांढऱ्याची. नुसतं ‘ई४’ लिहिलं असेल तर प्यादं त्या घरात गेलं. ‘घोडा एफ३’ म्हणजे घोडा त्या घरात. एवढं पुरे.

सुरुवात कशी झाली?

१. ई४ ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट सी४, उंट सी५. झालं इटालियन. पुढे ४. सी३, घोडा एफ६ ५. डी३ डी६ ६. दोघांचंही राजाच्या बाजूला कॅसलिंग. ७. हत्ती ई१, ए६ ८. उंट बी३, उंट ए७ ९. एच३ एच६ १०. बी१चा घोडा डी२, उंट ई६ ११. डी२चा घोडा एफ१, उंटाने बी३चा उंट मारला १२. वजिराने तो उंट परत मारला, वजीर डी७ १३. उंट ई३, उंटाने उंट मारला १४. घोड्याने परत मारला, घोडा ए५ १५. वजीर सी२, सी५.

पंधरा चालींत दोन्हीकडचे दोन-दोन उंट गेले, बाकी सगळं शाबूत. बाहेरून बघणाऱ्याला इथे काहीच घडलं नाही असं वाटतं. एक गृहस्थ तर उठून चहाला गेले. पण या चालींत एक सापळा होता, तो पुढच्या एका प्रश्नात येईल.

सगळे हौशी लोक इटालियनच का खेळतात?

कारण ती कळते. प्यादं मध्यभागी, घोडा बाहेर, उंट बाहेर, कॅसलिंग. प्रत्येक चालीचं कारण दहा वर्षांच्या मुलालाही सांगता येतं. सी४वरच्या उंटाचा डोळा एफ७वर असतो. कॅसलिंग होईपर्यंत त्या घराला राजाशिवाय दुसरं कोणी राखत नाही, त्यामुळे पांढऱ्याला हल्ल्याची आशा पहिल्यापासून राहते.

ओपनिंग जुनीही आहे. सोळाव्या शतकात पोलेरिओ आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रेको या इटालियन खेळाडूंच्या टिपणांत तिच्या चाली सापडतात. मधल्या काळात मोठ्या खेळाडूंनी ती बाजूला ठेवली होती, त्यांचा कल स्पॅनिशकडे, म्हणजे तिसऱ्या चालीला उंट बी५कडे होता. त्यावर काळ्याने बर्लिन बचाव, म्हणजे तिसऱ्या चालीला घोडा एफ६, वापरायला सुरुवात केली. २०००मध्ये लंडनला क्रॅमनिकने कास्पारोव्हविरुद्ध तो जगज्जेतेपदाच्या सामन्यात उभा केला आणि कास्पारोव्हला तो काही फुटला नाही. पुढे बर्लिन इतका पक्का झाला की पांढऱ्याकडून खेळणारे ग्रँडमास्टर हळूहळू पुन्हा इटालियनकडे वळले. म्हणजे काका जे सवयीने खेळतात तेच आज जगातले पहिल्या दहातलेही खेळतात. कारणं मात्र वेगळी.

शांत ओपनिंग होती म्हणूनच बरोबरी झाली ना?

नाही. हा गैरसमज फार घट्ट बसलेला आहे.

इटालियनमध्ये शांत राहायचं की नाही हे खेळणारे ठरवतात. काळ्याने तिसऱ्या चालीला उंटाऐवजी घोडा एफ६ खेळला तर पांढरा घोडा जी५ खेळून सरळ एफ७वर धावू शकतो. ४. घोडा जी५ डी५ ५. प्याद्याने डी५ मारलं आणि काळ्याने घोड्याने परत मारलं, की ६. घोड्याने एफ७ मारून राजाला भर मैदानात खेचता येतं. शाळकरी मुलांचे निम्मे डाव तिथेच आटोपतात. काकांनी सी३ आणि डी३ खेळून भांडण लांबणीवर टाकलं, एवढंच. सोंगट्या जितक्या जास्त वेळ पटावर राहतात तितक्या जास्त चुकांना जागा राहते. हौशी खेळाडूंमध्ये शांत ओपनिंगचे डावही बहुतेक वेळा कुणीतरी हरूनच संपतात. माझ्या अनुभवात आमच्या मंडळातल्या बरोबऱ्यांची खरी कारणं दोन: घड्याळ, आणि जिंकलेल्या डावात दिलेली कोंडी (शह नाही, पण समोरच्याला चालही नाही). या डावात दोन्ही नव्हती, म्हणून तर त्यावर एवढं लिहायचं.

बाराव्या चालीनंतर बी७चं प्यादं फुकट होतं. काकांनी मारलं का नाही?

फुकट नव्हतं. पटाभोवती उभ्या असलेल्यांपैकी अर्ध्यांना वाटलं, पोरीने वजीर डी७ खेळून प्यादं विसरलं. काका मात्र बराच वेळ त्या प्याद्याकडे बघत बसले.

समजा १३. वजिराने बी७ मारलं. काळा एफ८चा हत्ती बी८वर आणतो. आता पांढऱ्या वजिराला पळायला जागा शोधा. बी६वर उंट आणि सी७चं प्यादं, बी५वर ए६चं प्यादं, बी४वर घोडा, बी३ला गेला तर बी८चा हत्ती थेट मारतो. उरतं ए६चं प्यादं मारून निसटणं. ते सुटकेचं वाटतं आणि तिथेच खरी मेख आहे. ए७वरचा काळा उंट एफ२चं प्यादं मारून शह देतो. उंट बाजूला झाला की ए८च्या हत्तीची वाट मोकळी होते आणि ए६वरचा वजीर त्याच्या तोंडात. राजाने शह निस्तरेपर्यंत वजीर गेलेला असतो. म्हणजे एका प्याद्यासाठी वजीर द्यायचा आणि बदल्यात फार तर एक हत्ती मिळवायचा.

यात हत्ती कोणता हलवायचा हेही महत्त्वाचं आहे. तिने चुकून ए८चा हत्ती बी८वर आणला असता तर वजीर ए६चं प्यादं खाऊन सुखरूप परतला असता. मी तिला नंतर विचारलं, हे सगळं आधी दिसलं होतं का? ती म्हणाली, ‘उंट हटला की हत्ती दिसतो, एवढं दिसलं होतं.’ पुरेसं आहे.

काकांनी उंट ई३ खेळून ए७चा उंटच बदलून टाकला. त्यांना ती मेख पूर्ण दिसली होती की नुसता वास आला, ते त्यांनाच माहीत. बाराव्या चालीला बी३वर वजिराऐवजी ए-प्याद्याने परत मारलं असतं तरी चाललं असतं. जोडप्यादं, म्हणजे एकाच स्तंभात दोन प्यादी, झालं असतं, पण ए-स्तंभ हत्तीसाठी उघडला असता. मला स्वतःला ते जास्त आवडतं.

मधल्या डावात कोण पुढे होतं?

काका. मुलीची पंधरावी चाल, सी५, जोरकस दिसते, पण त्यामुळे डी६चं प्यादं उघडं पडलं. सी-प्यादं पुढे निघून गेल्यावर डी६ला मागून आधार देणारं प्यादं राहत नाही. काकांनी दोन्ही हत्ती डी-स्तंभावर एकामागे एक आणले, घोडे बदलून घेतले आणि काही चालींनी ते प्यादं उचललं. मग वजीर बदलले, हत्तीची एक जोडी बदलली, दोन्ही बाजूंची प्यादी एकमेकांना खाऊन संपली. शेवटी पटावर काकांचा एक हत्ती आणि ई-स्तंभातलं एक प्यादं, समोर तिचा एक हत्ती. राजे अर्थातच.

इथे बहुतेक प्रेक्षकांनी काकांना विजयी घोषित करून टाकलं होतं. ‘अरे भिया, अब तो हो गया’ असं मागून कुणीतरी म्हणालंही. प्रेक्षकांनी बोलायचं नसतं हे इंदुरात समजावणं कठीण.

एक प्यादं जास्त असूनही काका जिंकले का नाहीत?

कारण मुलीला एक जागा माहीत होती, आणि ती जागा बरोबरीची आहे. अंदाजाने नव्हे, पूर्ण सिद्ध झालेली बरोबरी.

पट डोळ्यांपुढे आणा. पांढरा राजा डी५, पांढरं प्यादं ई५, पांढरा हत्ती ए७. काळा राजा ई८, काळा हत्ती बी६. काळा राजा प्याद्याच्या समोर, त्याच्याच स्तंभात उभा आहे. काळा हत्ती सहाव्या रांगेत उभा राहून पांढऱ्या राजाला पुढे येऊ देत नाही. सगळा बचाव एवढ्या दोन गोष्टींवर उभा आहे. पांढरा काहीही करो, काळा हत्ती त्याच रांगेत इकडेतिकडे फिरत राहतो आणि वाट बघतो.

मग वाट कसली बघायची? प्यादं सहाव्या रांगेत जाण्याची. काकांनी ई६ खेळलं. प्यादं पुढे गेलं की पांढऱ्या राजाला लपायला सहाव्या रांगेत आडोसा उरत नाही, आणि नेमक्या त्याच क्षणी काळा हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला, बी१वर जातो. आता राजा डी६ला आला, ए८वर मात देण्याची धमकी घेऊन, की हत्ती डी१वरून शह. राजा ई५ला, हत्ती ई१वरून शह. राजा एफ६ला, हत्ती एफ१वरून शह. शह थांबवायला राजा हत्तीच्या दिशेने खाली उतरला तर ई६चं प्यादं एकटं पडतं आणि हत्ती ते खातो.

या जागेला फिलिडोरचं नाव आहे. अठराव्या शतकातला हा फ्रेंच माणूस ऑपेरासाठी संगीत रचायचा आणि त्या काळातला सगळ्यात बळकट खेळाडूही होता. १७७७मध्ये त्याने हे विश्लेषण दिलं. तेव्हापासून त्यात कुणाला भोक पाडता आलेलं नाही.

उलट मुलगी घाबरून हत्ती आठव्या रांगेत आणून राजाशेजारी बसली असती तर? मधल्या प्याद्यासमोर असा बसका बचाव हरतो. प्यादं ए, बी, जी किंवा एच स्तंभात असतं तर तोही चालला असता, कारण कडेला पांढऱ्याला वळसा घालायला जागा पुरत नाही. ई-प्याद्याला दोन्ही बाजूंनी जागा भरपूर. आमच्याकडचे नव्वद टक्के लोक इथे हत्ती मागे घेतात, हे मी छातीठोकपणे सांगतो. संकटात माणूस घरात शिरून कडी लावतो, हत्तीलाही तसंच करायला लावतो.

मग काकांनी चूक कुठे केली?

शेवटात कुठेच नाही. ती जागा आल्यावर जिंकणं शक्यच नव्हतं. संधी त्याआधी होती, पटावर आणखी प्यादी असताना. हत्तीच्या शेवटात, म्हणजे पटावर फक्त राजे, हत्ती आणि प्यादी उरल्यावर, एक प्यादं वर असलेल्याने प्यादी बदलायची घाई करू नये, जितकी जास्त प्यादी तितकी जिंकण्याची शक्यता जास्त. काका मात्र देशी पद्धतीत मुरलेले, ‘साफ करून टाकू’ हा त्यांचा बाणा. त्यांनी पट साफ केला आणि त्यासोबत विजयही.

तीच स्थिती तीनदा आली म्हणजे नेमकं काय? सलग तीनदा यावी लागते का?

सलग असण्याची अट नाही. स्थिती तीच, चाल करायची पाळी त्याच खेळाडूची, आणि शक्य असलेल्या चालीही त्याच हव्यात. कॅसलिंगचा किंवा जाता जाता प्यादं मारण्याचा हक्क मध्ये गेला असेल तर पट तसाच दिसला तरी स्थिती तीच धरत नाहीत.

या डावात ५३. ई६, हत्ती बी१ ५४. राजा डी६, हत्ती डी१ शह ५५. राजा ई५, हत्ती ई१ शह ५६. राजा डी६, हत्ती डी१ शह ५७. राजा ई५, हत्ती ई१ शह ५८. राजा डी६ असं झालं. काळ्याच्या चोपन्नाव्या आणि छप्पन्नाव्या चालीनंतरची स्थिती एकच आहे. अठ्ठावन्नाव्या चालीला हत्ती डी१ खेळला की ती तिसऱ्यांदा येणार.

मुलीने इथे जे केलं ते बघून मला खरंच बरं वाटलं. तिने हत्ती उचलला नाही. आधी कागदावर आपली चाल लिहिली, घड्याळ थांबवलं आणि म्हणाली, ‘काका, मी क्लेम करतेय.’ नियम असाच आहे. चाल लिहायची, ती बदलायची नाही, पंचाला सांगायचं. चाल खेळून घड्याळ दाबून मोकळं झालं की त्या स्थितीवरचा तुमचा हक्क गेला, पुन्हा स्थिती येईपर्यंत थांबा. मी दोघांच्या कागदांवरून चाली तपासल्या आणि डाव बरोबरीत दिला. दावा खोटा निघाला असता तर डाव पुढे चालला असता आणि काकांच्या घड्याळात दोन मिनिटं वाढली असती.

म्हणून चाली लिहा. मुलं कंटाळतात, पालक म्हणतात राहू द्या. कागद नसेल तर तीनदा आलं होतं हे दाखवायचं कशावरून?

आणि कुणीच दावा केला नाही तर? स्थिती पाच वेळा आली की डाव आपोआप बरोबरीत, पंच स्वतःहून थांबवतो. हा नियम २०१४पासून आहे.

बरोबरी विचारायची पद्धत काय?

आपली चाल खेळायची, मग विचारायचं, मग घड्याळ दाबायचं. या क्रमाने. समोरचा विचार करत असताना ‘ड्रॉ?’ म्हणणं म्हणजे त्याला त्रास देणं, आणि त्यासाठी पंच समज देऊ शकतो. एकदा विचारलं की मागे घेता येत नाही. समोरच्याने तोंडाने नाही म्हटलं किंवा खेळायच्या हेतूने सोंगटीला हात लावला की प्रस्ताव संपला. विचारणा झाली की दोघांनीही कागदावर त्या चालीपुढे बरोबरचं चिन्ह करायचं असतं, हे आमच्याकडे कुणी करत नाही.

वयाने मोठ्या माणसाला बरोबरी विचारणं आगाऊपणा वाटतो, असं काही मुलींच्या आया सांगतात. पटावर तसं काही नसतं. ‘काका, बरोबरी घेता का?’ एवढं पुरे. मात्र हरत असताना दर तीन चालींनी विचारू नका, तो खरा आगाऊपणा.

बरोबरी आणखी कशाकशाने होते?

कोंडी: ज्याची पाळी आहे त्याच्या राजाला शह नाही, पण एकही नियमात बसणारी चालही नाही. आमच्या घरांतले काही आजोबा कोंडी देणाऱ्याला जिंकल्याचं मानतात, काही हरल्याचं. दोन्हीला इतिहासात जागा आहे. इंग्लंडमध्येही एकेकाळी कोंडी देणारा हरत असे. आजच्या नियमात बरोबरी, वाद नको.

पन्नास चाली: दोघांच्याही सलग पन्नास चालींत एकही सोंगटी मेली नाही आणि एकही प्यादं हललं नाही तर दावा करता येतो. पंचाहत्तर झाल्या तर आपोआप.

मात अशक्य: नुसते दोन राजे, किंवा एकीकडे राजासोबत एकच उंट किंवा एकच घोडा आणि समोर एकटा राजा. डाव तिथेच संपतो. दोन घोडे एकट्या राजावर जबरदस्तीने मात करू शकत नाहीत, पण समोरच्याने चूक केली तर मात बसू शकते, म्हणून तो डाव आपोआप संपत नाही.

आणि घड्याळ: तुमचा वेळ संपला, पण समोर फक्त एकटा राजा उरला असेल तर तुम्ही हरत नाही, बरोबरी. यावरून दर वर्षी भांडण होतं. गेल्या गणपतीत तर दोन वडील माणसं माझ्यासमोर नियमपुस्तक घेऊन उभी राहिली होती.

दहा चालींत हात मिळवून मोकळं होणं चुकीचं आहे का?

नियमाने नाही, जोवर स्पर्धेने बंदी घातलेली नाही. मोठ्या स्पर्धांत ठराविक चालींआधी बरोबरी घ्यायला मनाई असते. २००५मध्ये बल्गेरियात सोफियाच्या स्पर्धेत खेळाडूंना आपसांत बरोबरी ठरवायलाच बंदी होती, तेव्हापासून अशा अटीला सोफियाचा नियम म्हणतात. तरी पळवाट असतेच. बर्लिनमधली एक चालींची साखळी चौदाव्या चालीपर्यंत वजीर ई४-डी४ असा मागेपुढे करत तीनदा तीच स्थिती आणते. ग्रँडमास्टरांना ती पाठ आहे, पंचाला काही करता येत नाही.

माझं मत विचाराल तर मंडळाच्या स्पर्धेत तीस चालींआधी बरोबरी देऊ नये. पोहे कुठे पळून जात नाहीत. पुढच्या वर्षी ही अट घालणार आहोत, कुणाला राग आला तर येवो.

बरोबरीने रेटिंग वाढतं का?

समोरचा तुमच्यापेक्षा वरचा असेल तर वाढतं, खालचा असेल तर घटतं. मंडळाची स्पर्धा रेटिंगची नव्हती, पण हिशेब सांगतो. रेटिंगमध्ये दोनशेचा फरक असेल तर खालच्याकडून एका डावात साधारण ०.२४ गुणाची अपेक्षा धरतात. बरोबरीने त्याला ०.५ मिळाला, म्हणजे अपेक्षेपेक्षा ०.२६ जास्त. याला खेळाडूच्या गुणकाने गुणायचं. नव्या खेळाडूचा गुणक ४०, म्हणजे दहाच्या आसपास रेटिंग वाढतं. रुळलेल्या हौशी खेळाडूचा २०, त्याचं पाच. मार्च २०२४पासून फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) यादीतलं सगळ्यात कमी रेटिंग १४०० केलेलं आहे, त्यामुळे जुने आकडे नव्यांशी ताडून बघू नका.

मोठे खेळाडू इतक्या बरोबऱ्या का करतात? कंटाळवाणं नाही का?

चुका कमी होतात म्हणून. २०१८मध्ये लंडनला जगज्जेतेपदाच्या सामन्यात कार्लसन आणि कारुआना यांचे बाराच्या बारा क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत सुटले, निकाल जलद डावांनी लागला. १९८४ला सुरू झालेल्या कार्पोव्ह-कास्पारोव्ह सामन्यात ४८ डावांपैकी ४० बरोबरीत होते, शेवटी सामनाच गुंडाळावा लागला. गुकेशने २०२४मध्ये सिंगापूरला डिंगला हरवलं त्या चौदा डावांतले नऊ बरोबरीचे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५मध्ये बातुमीला कोनेरू हम्पीविरुद्ध विश्वचषकाची अंतिम फेरी जिंकली, तिथे दोन्ही क्लासिकल डाव आणि पहिला जलद डाव बरोबरीत होते, शेवटच्या एकाच डावाने फैसला केला. त्या तीन बरोबऱ्या कंटाळवाण्या होत्या असं ज्यांनी त्या बघितल्या त्यांच्यापैकी कुणी म्हणणार नाही.

कम्प्युटर काय म्हणतो या डावाबद्दल?

शेवटाला शून्य दाखवतो, डी६ पडल्यावर पांढऱ्याला बरं दाखवतो. पण पालकांनो, डाव संपल्या संपल्या मोबाइल काढून आकडे बघू नका. आधी मुलाला विचारा, कोणत्या चालीला काय वाटलं होतं. आकडा दिसला की पोरं विचार करणं सोडतात.

माझा मुलगा बरोबरी झाली तरी रडतो. काय करू?

रडू द्या. मग त्याच दिवशी शेवटची जागा पटावर मांडून त्याला दोन्ही बाजूंनी खेळायला लावा. हरलेल्या डावापेक्षा बरोबरीच्या डावात शोधण्यासारखं जास्त असतं, कारण कुठेतरी दोघांपैकी एकाकडे काहीतरी होतं आणि ते निसटलं. ते कुठे निसटलं हे सापडलं की रडणं थांबतं. नाही थांबलं तर सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, घेऊन जा.

काका आता पुढच्या वेळी काय खेळणार?

मी विचारलं. इटालियनच, म्हणाले. पण तेराव्या चालीला उंट न बदलता आधी बी७चा विचार पुन्हा करून बघणार आहेत, आणि हत्तीच्या शेवटात प्यादी सांभाळणार आहेत. मुलगी सी५ऐवजी आधी हत्ती ई८ खेळेन, डी६ सी७चं प्यादं राखेल म्हणते. परतीचा डाव दिवाळीनंतर आहे, घड्याळ तेच.